चोरदरवाजा नऊ महिन्यांत मोडला (सहा इंची फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या बाहुल्या, ठेवण्यासाठीचा खेळण्यातला किल्ला; वापरानंतरचा अनुभव)

पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आळस केला ते बरं झालं.

किल्ल्याची मोजमापं, तुकडे, सोबत काय येतं हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. रंगकाम छान, भिंतीवरचं शेवाळ तर हातानं रंगवल्यासारखं. ते सोडा. मी हा घेतला चोरदरवाजासाठी. सिंहासनामागचा खटका ओढला की समोरची फरशी खाली पडते आणि तिच्यावर उभी असलेली बिचारी फिगर थेट तळघरात. १९८२ च्या कॅसल ग्रेस्कलमध्ये (ही-मॅनच्या खेळण्यांमधला किल्ला) सिंहासन फिरवलं की हेच व्हायचं, शिवाय लिफ्ट होती. हल्लीच्या सेटमध्ये असलं काही सापडतं कुठे? भिंत, जिना, मशाल, झालं.

नवव्या महिन्यात बिजागरीची पिन तुटली. कंपनीला (नाव घेत नाही) कळवलं. पहिला प्रश्न आला: दरवाजा किती वेळा उघडलात? रोज चार-पाच वेळा, असं खरं सांगून बसलो. मग उत्तर आलं की ही संग्राहकांसाठीची शोभेची वस्तू आहे, हलते भाग वारंवार वापरण्यासाठी नाहीत, सबब वॉरंटी लागू नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘प्लेसेट’ (म्हणजे फिगर घेऊन खेळायचा सेट) छापलंय, त्याचाही फोटो पाठवला. त्यावर उत्तर नाही.

प्लेसेट का आटले हे मला कळतं. फिगर पावणेचार इंचांवरून सहा इंचांवर गेली की उंची १.६ पट होते, पण सेटला जमीन अडीच पट लागते आणि आकारमान चौपटीच्या वर जातं. १९८५ ची जी. आय. जो या सैनिकी फिगरांसाठीची विमानवाहू नौका, यूएसएस फ्लॅग, साडेसात फुटांची होती. सहा इंची मापात ती बारा फुटांची होईल. ठेवणार कुठे, माळ्यावर? म्हणून तर हास्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं २०१८ मध्ये ‘स्टार वॉर्स’मधल्या जब्बाची सेल बार्ज (त्याचं तरंगतं जहाज) काढताना ५,००० गिऱ्हाइकं आधी मिळाली तरच बनवू, अशी अट घातली. ५०० डॉलर किंमत असूनही ८,८१० मागण्या आल्या. तीसुद्धा पावणेचार इंची मापातच.

जागा महाग, साचे महाग, सगळं मान्य. पण पिन? एवढ्या किमतीच्या वस्तूत प्लास्टिकची, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पिन!

शेवटी किल्ला स्वतःच उघडला आणि इथे थोड्या शिव्या मागे घेतो. आत धातूची स्प्रिंग आहे, खटक्याचा दांडा जाडजूड आहे, सगळं चिकटवण्याऐवजी स्क्रूवर बसवलंय. हे आखणाऱ्याला दरवाजा रोज उघडला जाणार हे पक्कं ठाऊक होतं. पिनेत काटकसर दुसऱ्याच कुणीतरी केली असावी. तुटका तुकडा टाचणीनं ढकलून काढला आणि त्या जागी पेपरक्लिपची तार घातली. खर्च शून्य. दरवाजा आता पूर्वीपेक्षा जास्त जोरात आपटतो. जड फिगर असेल तर खाली रुमाल ठेवा.

साडेतीन तारे. अर्धा तारा निव्वळ त्या ‘किती वेळा उघडलात’साठी कापला.

जोडीचा बुरूज आधीच नोंदवून ठेवला होता, तो काल रद्द केला. त्याचे फोटो मोठे करून पाहिले. दार आहे, पण बिजागरी कुठे दिसेना. नुसतं भिंतीवर कोरलंय.