सॅन फ्रान्सिस्कोचं स्टाइनहार्ट मत्स्यालय: छत आधी बघा, मासे नंतर

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांना गोल्डन गेट ब्रिज कोणीही दाखवून आणतं. माझं सांगणं असं की, एक अख्खा दिवस गोल्डन गेट पार्कातल्या कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेससाठी राखून ठेवा. स्टाइनहार्ट मत्स्यालय त्याच इमारतीत आहे. तारांगण आणि वर्षावनाचा काचेचा घुमटही तिथेच आहे. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी विजेबद्दल लिहिते. माझी सगळी नोकरी महावितरणमध्ये झाली, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की माझं लक्ष आधी लोडकडे जातं.

मत्स्यालय हे विजेचं फार कठीण गिऱ्हाईक. ऑफिस संध्याकाळी बंद होतं, मॉललाही रात्री कुलूप लागतं. इथे मात्र पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. म्हणजे रात्री दोनलाही लोड चालूच, आणि सूर्य तेव्हा कामाला नसतो. त्यात एकाच छपराखाली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे थंड पाण्यातले मासे आणि फिलिपिन्सची उबदार पाण्यातली प्रवाळं. प्रवाळांची टाकी २५ फूट खोल आणि २,१२,००० गॅलनची, म्हणजे साधारण आठ लाख लिटरची. एवढं खारं पाणी अहोरात्र गाळायचं, फिरवायचं आणि ठरलेल्या तापमानावर ठेवायचं.

आता सोलर. सध्याच्या इमारतीचा आराखडा इटलीचे वास्तुकार रेन्झो पियानो यांचा, २००८ साली ती उघडली. छताच्या कडेने चौफेर काचेची रुंद वळचण काढली आहे आणि तिच्या काचांमध्ये ६०,००० सौर सेल बसवले आहेत. सेल एकमेकांना चिकटून नाहीत, मधे फटी सोडल्या आहेत. त्यामुळे खाली उभं राहिलं की फरशीवर सावलीचे छोटे छोटे चौकोन पडतात आणि त्यांच्यामधून ऊन येतं. माझी नात त्या चौकोनांवरून उड्या मारत होती, मी मान वर करून वायरिंग कुठून नेलंय ते शोधत होते. सावली आणि वीज दोन्ही एकाच काचेतून मिळते, जागा वेगळी अडत नाही. हे मला फार आवडलं.

यातून वर्षाला सुमारे २,१३,००० युनिट मिळतात, म्हणजे दिवसाला सरासरी ५८० च्या आसपास. आपल्याकडे घरावरचा ३ किलोवॉटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो, तर हिशेब पन्नासेक घरांच्या छपरांइतका झाला. इमारतीच्या गरजेच्या मानाने ही वीज पाच टक्क्यांच्या आसपास. जावई म्हणाला, “आई, एवढ्या गाजावाजानंतर पाचच टक्के?” मी त्याला म्हटलं, चल, छतावर जाऊ.

खरं काम छतावर झालंय. अडीच एकरांवर हिरवी टेकाडं आहेत आणि त्यांत तिथल्याच मातीतली सतरा लाख रोपं. ती लावली काथ्याच्या ट्रेमध्ये. मी रत्नागिरीची, त्यामुळे नारळाचा काथ्या इतक्या लांब असा कामाला आलेला बघून मला मनापासून आनंद झाला. हे मातीचं पांघरूण बाहेरची उष्णता अडवतं आणि पावसाचं पाणी धरून ठेवतं. टेकाडांच्या उतारावरून गार वारा घरंगळत मधल्या चौकात उतरतो. छतावरच्या गोल झडपा गरजेप्रमाणे आपोआप उघडतात आणि गरम हवा वर निघून जाते. भिंतींमध्ये जुन्या जीन्सच्या कापडाचं अस्तर भरलंय. जिथे माणसं रोज वावरतात त्यातल्या नव्वद टक्के जागेत दिवसाचा उजेड पोचतो. जी वीज लागलीच नाही, तिच्यासाठी पॅनेलही लागत नाही आणि बॅटरीही नाही. पाच टक्क्यांचा विचार या बाजूने करायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ मी प्रवाळांच्या टाकीशी काढला. टाकीच्या वर छतात झरोके आहेत आणि त्यांतून ऊन थेट पाण्यात उतरतं. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. आता हेच ऊन आधी पॅनेलवर घेतलं, त्याची वीज केली, त्या विजेवर दिवा लावून पुन्हा उजेड केला, तर मधल्या मधे बहुतेक ऊर्जा गळून जाते. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलू शकलं तरी ते चांगलं मानायचं. त्यापेक्षा भोक पाडा आणि ऊन आत येऊ द्या. दिवे तिथेही लागतातच, पण जोडीला. मला तरी या इमारतीतला सर्वांत हुशार सोलर प्रकल्प हाच वाटला.

या इमारतीला लीड प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींसाठीचं सर्वोच्च श्रेणीचं मानांकन, दोनदा मिळालं आहे, २००८ मध्ये बांधणीसाठी आणि २०११ मध्ये रोजच्या कारभारासाठी. मी दुसऱ्याला जास्त किंमत देते. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर धूळ खात पडलेली पॅनेलं मी आपल्याकडे कितीतरी छपरांवर बघितली आहेत. वर्षं उलटल्यावरही जे चालतं तेच खरं.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या अगदी समोर. आपल्या किनाऱ्यावर पुढे जे मत्स्यालय उभं राहील त्यात निदान झरोके आणि सौर वळचण असावी, असं मला फार वाटतं. वाऱ्याची युक्ती आपल्या दमट हवेत जशीच्या तशी चालणार नाही, तिथे वेगळा विचार करावा लागेल. पण ऊन आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन जुलैत धुकं पार्कात उतरतं आणि दुपारपर्यंत हलत नाही.

म्हणून स्वेटर घेऊनच जा, उन्हाळा असला तरी. तिकीट स्वस्त नाही आणि दिवसाप्रमाणे बदलतं, आधी ऑनलाइन बघून ठेवा. ४४ नंबरची बस दारात सोडते. एन-जुदा ट्रेनने आलात तर नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूला उतरून बागेतून चालत या. धुकं असेल तर आधी मत्स्यालय करा, नाहीतर सरळ छत गाठा. प्रवाळांच्या टाकीशी मात्र भर दुपारीच उभे राहा, ऊन तेव्हा थेट वरून येतं.