पोलॉक-क्रॅस्नर हाउस: जमिनीसोबत भिंतीही पाहा

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, ईस्ट हॅम्प्टनजवळच्या स्प्रिंग्ज गावात हे घर आहे. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचा रंग सांडलेला स्टुडिओ बघायला लोक इथे येतात. मी गेले ती त्याची चित्रकार बायको ली क्रॅस्नर हिच्यासाठी, आणि ज्यांना चित्रकलेत रस आहे त्यांनीही तिच्यासाठीच जावं असं मला मनापासून वाटतं.

दोघांचं लग्न ऑक्टोबर 1945 मध्ये झालं आणि लगेच त्यांनी न्यूयॉर्क शहर सोडलं. घराची किंमत 5,000 डॉलर. त्यातले 2,000 जॅक्सनची गॅलरीवाली पेगी गुगेनहाइम हिने उसने दिले, बाकीचं कर्ज. घरात नळ नव्हता, थंडीत ऊब मिळायची सोय नव्हती. सुरुवातीला जॅक्सन वरच्या बेडरूममध्ये चित्रं काढायचा. 1946 मध्ये आवारातलं लाकडी कोठार त्याने स्टुडिओ म्हणून घेतलं आणि ती बेडरूम लीला मिळाली. तिथे तिने ‘लिटल इमेज’ मालिकेतली चित्रं केली. लहान आकाराची, बारीक खुणांनी गच्च भरलेली. खोली केवढी, हे कळल्यावर त्या चित्रांचा आकार वेगळाच दिसायला लागतो. आणि ही काही नवशिकी बाई नव्हती. चित्रकार हान्स हॉफमनकडे शिकलेली, लग्नाआधीच न्यूयॉर्कच्या चित्रकारांत नाव असलेली.

मार्गदर्शक आधी घर दाखवतात. पुस्तकं, जॅझच्या तबकड्या, फर्निचर, आणि मागे अ‍ॅकाबोनॅक खाडीकडे उतरत जाणारं गवत. मग स्टुडिओ. बूट काढून मऊ स्लिपर घालायच्या आणि थेट त्या रंगांवरून चालायचं. कॅनव्हास जमिनीवर अंथरून जॅक्सन रंग ओतायचा, तो कडेबाहेर गेला की फळ्यांवर राहायचा. 1953 मध्ये स्टुडिओची डागडुजी करताना त्याने ही जमीन तक्त्यांनी झाकून टाकली, म्हणून ती टिकली. ली वारल्यानंतर ते तक्ते काढले तेव्हा खालचे रंग सापडले. मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं जॅक्सनचं ‘ऑटम ऱ्हिदम’ इथेच, 1950 मध्ये झालं. ते चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना इथून हलावंसं वाटणार नाही, मलाही वाटलं नाही.

पण मान वर करा. भिंतींवरचे रंग लीचे आहेत. 11 ऑगस्ट 1956 ला दारूच्या नशेत गाडी चालवताना जॅक्सन अपघातात गेला. सोबतच्या दोघींपैकी एडिथ मेट्झगर गेली, त्याची मैत्रीण रूथ क्लिगमन वाचली. ली तेव्हा पॅरिसमध्ये होती. परत आल्यावर तिने हा स्टुडिओ आपला केला, कॅनव्हास भिंतीला ठोकून उभ्याने रंगवू लागली. 1957 मधलं ‘द सीझन्स’ 17 फूट रुंद आहे! त्या बेडरूममध्ये ते मावलंच नसतं. पुढे झोप उडाली तेव्हा ती रात्री काम करायची. दिव्याच्या उजेडात रंग वापरायला तिला आवडत नसे, म्हणून त्या काळातली चित्रं तपकिरी आणि पांढरी. हे ऐकताना समोरची भिंत बघत राहिले. नवऱ्याच्या व्यसनात आणि त्याची चित्रं जगापुढे नेण्यात तिची किती वर्षं गेली, आणि तरीही 1984 पर्यंत ती रंगवत राहिली. तिला ‘पोलॉकची विधवा’ म्हणून ओळखणं मला अजिबात मान्य नाही.

जायचं असेल तर आधी बुकिंग करा. घर साधारण मे ते ऑक्टोबर उघडं असतं. ईस्ट हॅम्प्टनपर्यंत ट्रेन आहे, पुढे टॅक्सी लागते. पायांत मोजे असू द्या. मार्गदर्शकांना भिंतींबद्दल आवर्जून विचारा. आणि ‘द सीझन्स’ मॅनहॅटनमधल्या व्हिट्नी म्युझियमच्या संग्रहात आहे, ते लावलेलं असेल तर आधी स्प्रिंग्ज आणि मग व्हिट्नी, असा क्रम ठेवा.