ग्राम सुरक्षा यंत्रणा : वादळात कामाला आली, पण नंबर आधी भरून ठेवा

५ पैकी ४ स्टार. आम्ही रावेरकडचे, केळीवाले. मे-जूनमधे वावधन सुटलं की घडासकट बागा आडव्या होतात हे जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, पण या वेळी बागेआधी माणसांचं बघायची वेळ आली म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १८००२७०३६०० हा या ग्राम सुरक्षा यंत्रणेचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर आपण जे बोलतो ते आपल्याच आवाजात गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदमच कॉल म्हणून जातं, साध्या बटनाच्या फोनवर पण. खरा फायदा हाच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेलं म्हातारी माणसं बघत नाहीत, रिंग वाजली की मात्र उचलतात.

त्या संध्याकाळी लाईट गेली आणि थोड्याच वेळात फोन वाजला. पोलीस पाटलांचा आवाज, मागे वारा नुसता घोंगावतोय, "शाळेमागच्या डीपीची तार तुटून रस्त्यावर पडलीय, तिकडे कोणी फिरकू नका, पत्र्याच्या घरातल्यांनी शाळेत या." बस, एवढंच. पोरांनी लगेच रस्त्याच्या दोन्ही तोंडाला बैलगाड्या आडव्या लावल्या, कोणीतरी सबस्टेशनला सांगून सप्लाय बंद करून घेतला, शाळेत सतरंज्या आल्या, चहा आला. मग दुसरा कॉल, फाट्यावर निंब पडलाय, १०८ अडकलीय, ट्रॅक्टर अन् कुऱ्हाडी घेऊन या. जे आले त्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या बागा तेव्हाच झोपल्या होत्या, तरी आधी इथे आले, आपल्या गावाचा फार अभिमान वाटला भाऊ.

एक स्टार का कापला, तर रात्री टॉवरच बंद पडला आणि मग कॉल कुठून जाणार, शेवटी मंदिराच्या भोंग्यावर काम चालवलं. आणि सालदार, बाहेरगावचे मजूर यांचे नंबर कोणी भरलेच नव्हते, जी माणसं वादळात सगळ्यात जास्त उघड्यावर असतात तीच यादीत नाहीत, हे मला फार लागलं.

विजांसाठी सोबत दामिनी अॅप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असली तर सावध करतं, फक्त लोकेशन चालू पाहिजे. अलर्ट आला की झाडाखाली थांबू नका, सरळ पक्क्या घरात जा. अन् ग्रामपंचायतीला सांगून पावसाळ्याआधी वस्तीवर, मळ्यात जाऊन नंबर भरून घ्या, सालदारांचे सगळ्यात आधी.