वतनरूप प्रतिफळ आणि एक प्रमाणपत्र : वसईतील तपसाधनेचा एक दिवस

वाचन करणारे, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, वेदीची वस्त्रे धुणारे, अशा धर्मग्रामातील नित्यसेवकांसाठी वसईच्या किनाऱ्यालगतच्या एका केंद्रात एक दिवसाची तपसाधना होती आणि तिचा विषय होता विश्वासू सेवेचे प्रतिफळ. आमच्या चर्चची वेदी सांभाळण्याचे काम सतरा वर्षे माझ्याकडे आहे. आपल्या कामाची कोणी दखल घेत नाही, ही कुरकुर मनात घेऊनच मी गेले होते, हे आधी सांगून टाकते.

सकाळच्या प्रवचनासाठी एवढ्या लांब जाणे सार्थकी लागले. फादरांनी बायबलमधील, पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील ‘वतनरूप प्रतिफळ’ हे दोनच शब्द घेतले आणि तासभर तेच उलगडले. हे वचन दासांना उद्देशून आहे. रोमी कायद्यात दासाला वारसाहक्क नव्हता, उलट तोच धन्याच्या मालमत्तेत मोजला जाई. अशा माणसाला पौल मजुरीचे नव्हे, तर वतनाचे, म्हणजे घरच्या लेकराच्या वाट्याचे, आश्वासन देतो. वाडीतल्या चार गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ते पाहत वाढलेल्या आम्हां कोकणातल्यांना ‘वतन’ या शब्दाचे वजन वेगळे समजावावे लागले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील, धन्याने दासांकडे सोपवलेल्या टॅलंट नावाच्या रकमेचा दृष्टान्तही त्यांनी नीट वाचून घेतला : पाच टॅलंटवाल्याला आणि दोन टॅलंटवाल्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो, आणि मजुराच्या सुमारे वीस वर्षांच्या कमाईएवढा एक टॅलंट असूनही त्या साऱ्या रकमेला ‘थोडे’ म्हणतो.

मात्र मत्तयच्याच विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचे मजूर त्यांनी टाळले, हे मला खटकले. दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी, हेच तर जुन्या सेवकांना सलते, आणि तेच बोलायला हवे होते. संत गोन्सालो गार्सिया यांचा उल्लेखही ‘वसईचे सुपुत्र’ एवढ्यावरच आटोपला. वास्तविक जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर (जेझुइटांबरोबर) अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम करूनही त्यांना त्या संघात प्रवेश मिळाला नाही. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे बंधू झाले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले आणि संतपद जाहीर झाले ते १८६२ मध्ये. विषयाला इतके जवळचे उदाहरण घरचे असताना ते हातचे जाऊ दिले.

दुपारी जेवणात तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सुका बोंबील होता. चहाबरोबर सुकेळीही मिळाली. ध्वनिवर्धक मागच्या रांगांना शेवटपर्यंत दगा देत राहिला.

जेवणानंतर एका वयस्क सिस्टरनी कॉर्पोरलची, म्हणजे मिस्सात वेदीवर पवित्र भाकर आणि प्याला यांखाली अंथरायच्या चौकोनी कापडाची, घडी शिकवली. पुढची तिसरी बाजू आत, मागची तिच्यावर, मग उजवी-डावी, म्हणजे नऊ चौकोन पडतात आणि ख्रिस्तशरीराचा कण राहिलाच असेल तर तो घडीच्या आतच राहतो. धुताना पहिले पाणी मोरीत जाऊ द्यायचे नाही, मातीत ओतायचे. हे मला ठाऊक होते. पण सिस्टरनी घडी मोडून पुन्हा घालायला लावली, तीही तीनदा, कारण माझी एक कड दोरीभर बाहेर येत होती. सतरा वर्षांत माझी घडी कोणी इतक्या बारकाईने पाहिली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मला ते फार बरे वाटले.

शेवटी मात्र लॅमिनेशन केलेली ‘सेवा प्रमाणपत्रे’ वाटण्यात पाऊण तास गेला, एकेकाचे नाव, टाळ्या आणि फोटो. सकाळी मजुरी आणि वतन यांतला फरक ऐकून घेतलेल्या आम्ही सगळ्यांनी रांग मात्र बिनबोभाट लावली. माझ्या प्रमाणपत्रावर आडनाव चुकले आहे. ते सध्या वस्त्रांच्या कपाटात, इस्त्रीच्या चादरीखाली आहे.

शुल्क माफक होते. जाणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावे आणि सरावासाठी कापड स्वतःचे न्यावे. सहा जणींत तिथे एकच होते.