शेवटची तार कोणाच्या ताब्यात? दूरसंचार स्पर्धेच्या सात देशांतल्या वाटा

दूरसंचारातल्या स्पर्धेची नाडी टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या तारेत असते. लांब पल्ल्याचे कॉल, मोडेम, बिलं, ग्राहकसेवा हे सगळं नवी कंपनी आपलं आपण उभं करू शकते. गल्लीगल्लीत पुन्हा खणून दुसरी तार टाकणं मात्र बहुतेक ठिकाणी परवडत नाही. म्हणून नव्या कंपनीला तार भाड्यानं मागायला जुन्या कंपनीच्याच दारात जावं लागतं, आणि ती तर तिची प्रतिस्पर्धी. कायद्यानं नकार देता येत नसेल तर जुनी कंपनी हो म्हणते, पण सावकाश म्हणते. अर्ज परत येतो, तंत्रज्ञाची तारीख पुढे जाते, एक्स्चेंजमध्ये जागाच शिल्लक नसते.

धोरणाच्या मसुद्यावर अभिप्राय लिहिणाऱ्याला किंवा या विषयात बाजू घ्यायची असलेल्याला पर्याय मोजकेच दिसतील: जुनी कंपनी अखंड ठेवून तार भाड्यानं द्यायला भाग पाडणं, कंपनीच्या आतच भिंत घालणं, तिचे दोन तुकडे करणं, सरकारनंच नवं जाळं बांधणं, किंवा ज्यानं त्यानं आपलं जाळं उभारावं म्हणून मोकळं सोडणं. यातला कुठला उत्तम हे कागदावर ठरवता येतं, पण त्याचा फारसा उपयोग नाही असं माझं मत आहे. सरकारच्या हातात त्या घडीला कंपनीला हवंसं काय आहे, हे आधी बघावं.

नियामकच नको म्हणणारा देश

न्यूझीलंडनं 1989 मध्ये दूरसंचार सगळ्यांना खुलं केलं आणि 1990 मध्ये सरकारी टेलिकॉम कंपनी बेल अटलांटिक आणि अमेरिटेक या अमेरिकी कंपन्यांना 4.25 अब्ज न्यूझीलंड डॉलरला विकून टाकली. स्वतंत्र दूरसंचार नियामक नेमला नाही. स्पर्धेचा सर्वसाधारण कायदा आहे, कोर्टं आहेत, तेवढं पुरे, असा हिशेब होता.

क्लिअर कम्युनिकेशन्स या नव्या कंपनीला स्थानिक फोनसेवा द्यायची होती आणि त्यासाठी टेलिकॉमच्या जाळ्याशी जोडणी हवी होती. जोडणीचा दर काय असावा यावरून प्रकरण हायकोर्टात, तिथून अपील न्यायालयात आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील मंडळापर्यंत गेलं. टेलिकॉमचं म्हणणं होतं की तुम्ही आमचा ग्राहक नेल्यानं आमचं जे उत्पन्न बुडेल, ते दरात धरलं पाहिजे. सोयीचे आकडे घेऊन बघू. ग्राहक टेलिकॉमला 10 रुपये देतो. तो क्लिअरकडे गेला तर टेलिकॉमचा 3 रुपयांचा खर्च वाचतो. मग क्लिअरनं 7 रुपये द्यायचे. आता तारेचा खरा खर्च 4 रुपयेच असेल, तर वरचे 3 रुपये म्हणजे मक्तेदारीचा नफा, आणि तो प्रतिस्पर्ध्यानं मक्तेदाराला आणून द्यायचा. ग्राहक कोणाकडेही गेला तरी टेलिकॉमचा नफा जागच्या जागी. 1994 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं हे सूत्र कायद्यात बसतं असा निकाल दिला. मक्तेदारीच्या नफ्यावर उपाय करायचा असेल तर तो दुसरीकडे करा, स्पर्धा कायद्यातल्या ज्या कलमाखाली हा खटला होता त्याचं हे काम नाही, असा त्याचा अर्थ होता.

निकालात कायदेशीर खोट काढणं अवघड आहे. खोट आधीच्या निर्णयात होती. कंपनी विकताना सरकारच्या हातात सगळं होतं, आणि तेव्हाच ते सोडून दिलं. दूरसंचार आयुक्ताचं पद 2001 च्या कायद्यानं आलं.

एकच वाट, दोन निकाल

अमेरिकेनं एटीअँडटी ही फोन कंपनी 1984 मध्ये फोडली. लांब पल्ल्याची सेवा एका बाजूला आणि स्थानिक सेवेच्या सात प्रादेशिक कंपन्या दुसऱ्या बाजूला. एमसीआय, स्प्रिंट यांच्यासारख्यांना लांब पल्ल्याच्या बाजारात त्यानं वाव मिळाला. स्थानिक तारेची मक्तेदारी मात्र फुटली नाही, ती फक्त सात ठिकाणी वाटली गेली. 1996 च्या दूरसंचार कायद्यानं तिला हात घातला: तार, एक्स्चेंजमधली जागा, जाळ्याचे सुटे भाग प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं द्या, आणि, एफसीसी या केंद्रीय नियामकाच्या नियमानं, भाडं आजच्या घडीला कार्यक्षम जाळं बांधायला जो खर्च येईल त्यावर ठरवा.

नव्या कंपन्यांची लाट आली आणि 2001 च्या आसपास त्यातल्या बऱ्याच बुडाल्या. शेअरबाजारातल्या फुग्याचा काळ होता हे खरंच, पण त्यांच्या पायाखालचा नियमही कधी स्थिर नव्हता. जुन्या कंपन्या प्रत्येक नियमाला कोर्टात आव्हान देत राहिल्या. भाड्याचं सूत्र सर्वोच्च न्यायालयात टिकलं, पण कोणते भाग भाड्यानं द्यायचे याचे नियम अपील न्यायालयानं 2002 आणि 2004 मध्ये रद्द केले. 2005 मध्ये तारेवरच्या ब्रॉडबँडला एफसीसीनं या बंधनातून मोकळंच केलं. त्याच वर्षी सात तुकड्यांपैकी एकानं, एसबीसीनं, जुनी एटीअँडटी विकत घेतली आणि तिचंच नाव लावलं.

अमेरिकेचे समर्थक म्हणतात की तिथे केबल टीव्हीचं दुसरं जाळं आहे, दोन जाळी लढतात आणि त्यातून गुंतवणूक होते. काही अंशी पटतं. पण केबल घरोघर आधीच पोचलेली असेल तरच हा युक्तिवाद लागू पडतो. ज्या देशात दुसरी तार नाही, त्यानं अमेरिकेचं उदाहरण देऊन नियमन सैल करावं, याला काही अर्थ नाही.

फ्रान्सनं तार भाड्यानं देण्याचीच वाट धरली, जुनी कंपनी फोडली नाही, आणि तरी स्पर्धा उभी राहिली. फ्री या कंपनीनं 2002 पासून महिना 29.99 युरोत ब्रॉडबँड दिलं, पुढे त्याच दरात फोन आणि टीव्हीही जोडले, आणि ते बहुतांशी फ्रान्स टेलिकॉमच्या भाड्याच्या तारांवर. फायबरची वेळ आली तेव्हा नियामकानं 2008 मध्ये जमिनीखालच्या नळ्याही प्रतिस्पर्ध्यांना उघड्या करायला लावल्या, म्हणजे खणण्याचा खर्च वाचला. मोबाइलमध्ये चौथा परवाना दिला आणि फ्री 2012 मध्ये तिथेही उतरली.

तेव्हा कंपनी न फोडता स्पर्धा होतच नाही, असं म्हणणाऱ्यानं फ्रान्सचा खुलासा द्यावा. माझा खुलासा असा की तिथला नियामक आपल्या भूमिकेवरून हलला नाही आणि कोर्टांनी त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली नाही. तुमच्या देशात हे दोन्ही मिळणार असेल तर फोडाफोडीच्या खर्चात पडू नका.

कंपनीच्या आतली भिंत

ब्रिटननं सरकारी फोन कंपनी बीटी 1984 मध्ये खाजगी केली आणि सुरुवातीची काही वर्षं मर्क्युरी या एकाच प्रतिस्पर्ध्याला परवानगी दिली. दोघांच्या त्या शर्यतीतून फारसं काही निघालं नाही, 1991 मध्ये बाजार खुला झाला. खरा बदल 2005 मध्ये आला. ऑफकॉम या नियामकानं बीटीला सांगितलं की स्पर्धा आयोगाकडे प्रकरण पाठवतो, तिथे कंपनी फोडण्याचाही आदेश होऊ शकतो, नाहीतर स्वतःहून हमी द्या. बीटीनं हमी दिली आणि जानेवारी 2006 मध्ये ओपनरीच हा वेगळा विभाग सुरू झाला.

त्या हमीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी अट अगदी कारकुनी वाटेल: बीटीच्या स्वतःच्या किरकोळ विभागानंही तार मागवताना प्रतिस्पर्ध्यांच्याच ऑर्डर-यंत्रणेतून, त्याच दरानं, त्याच मुदतीत मागवायची. मग यंत्रणा रखडली तर बीटीचाही ग्राहक रखडतो. वेगळी खिडकी ठेवली की भेदभाव सिद्ध करायला वर्षं जातात. एकच खिडकी केली की तो करणंच गैरसोयीचं होतं. त्यानंतर भाड्याच्या तारा घेणाऱ्यांची संख्या ब्रिटनमध्ये झपाट्यानं वाढली.

भिंतीला तडा गेला तो गुंतवणुकीच्या प्रश्नावर. रोजच्या ऑर्डरींत समानता आली, पण ओपनरीचनं फायबर कुठे आणि कधी टाकायचं ते बीटीचंच संचालक मंडळ ठरवत होतं. स्काय, टॉकटॉक, व्होडाफोन यांनी पूर्ण विभाजन मागितलं. 2017 मध्ये मधला तोडगा निघाला: ओपनरीच वेगळी कंपनी, वेगळं मंडळ, मालकी मात्र बीटीचीच. या चर्चेत एक अडचण होती पेन्शनची. खाजगीकरणाच्या वेळी बीटीच्या पेन्शन योजनेला सरकारी हमी दिलेली होती आणि कर्मचारी दुसऱ्या कंपनीत हलवले तर तिचं काय, हा प्रश्न तीस वर्षांनी पुढे उभा राहिला. तुकडे करू म्हणणाऱ्यांनी आधी पेन्शन आणि कर्जरोख्यांची कागदपत्रं वाचावीत.

शेजारी देश, वेगळा सौदा

न्यूझीलंडनं दुसऱ्या फेरीत शहाणपणा दाखवला. 2006 मध्ये टेलिकॉमच्या तारा खुल्या करायचं ठरलं (मंत्रिमंडळाचा कागद संसदेतल्या एका निरोप्याकरवी फुटून टेलिकॉमपर्यंत पोचला, म्हणून घोषणा घाईनं करावी लागली). पण निर्णायक पाऊल फायबरच्या वेळी पडलं. 2009 पासून सरकारनं फायबरसाठी सार्वजनिक पैसा देऊ केला आणि अट घातली की हे जाळं बांधणारी कंपनी किरकोळ ग्राहकांना सेवा विकणार नाही. टेलिकॉमपुढे दोनच वाटा उरल्या: अखंड राहून कामाला मुकणं, किंवा फुटून काम मिळवणं. ती स्वतः फुटली. 2011 च्या शेवटी जाळं सांभाळणारी कोरस वेगळी झाली, किरकोळ कंपनीचं नाव पुढे स्पार्क पडलं. काही शहरांत कामं वीजवाहिन्यांच्या कंपन्यांशी जोडलेल्या संस्थांना दिली, म्हणजे कोरसलाही मुजोरी करता येईना. 2022 अखेर फायबर 87 टक्के लोकसंख्येपर्यंत पोचलं.

याचा अर्थ भांडण मिटलं असा नाही. तांब्याच्या तारेचा घाऊक दर नियामकानं उतरवला तेव्हा कोरस अडचणीत आली आणि सरकारलाच मध्ये पडावंसं वाटलं. जाळ्याची कंपनी वेगळी झाली तरी ती मक्तेदारच असते. फक्त आता भांडण एकाच दराचं असतं, आणि ते उघड्यावर होतं.

ऑस्ट्रेलियानं सरकारी फोन कंपनी टेल्स्ट्रा 1997, 1999 आणि 2006 अशा तीन हप्त्यांत अखंडच विकली. अखंड कंपनीला भाव चांगला येतो, हे सगळ्याच अर्थखात्यांना ठाऊक असतं. मग 2009 मध्ये सरकारनं स्वतःचं देशव्यापी जाळं जाहीर केलं, 43 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचं, 90 टक्के जागांपर्यंत फायबर. टेल्स्ट्राच्या नळ्या वापरायला आणि तिचे ग्राहक नव्या जाळ्यावर आणायला सुमारे 11 अब्ज डॉलर मूल्याचा करार करावा लागला. विकलेल्या नळ्यांचं भाडं सरकार भरू लागलं. 2013 मध्ये सत्ता बदलली, फायबरऐवजी जुन्या तांब्याच्या आणि केबलच्या तारा मिसळल्या गेल्या, आणि 2020 मध्ये पुन्हा फायबर वाढवायचं ठरलं.

शिवाय या जाळ्यानं सेवादात्यांकडून जोडणीचे वेगळे आणि क्षमतेचे वेगळे पैसे घेतले. सेवादाते क्षमता काटकसरीनं विकत घ्यायचे आणि संध्याकाळी, सगळे एकदम ऑनलाइन आले की, वेग कोसळायचा. क्षमतेचं हे वेगळं शुल्क पुढे टप्प्याटप्प्यानं काढून टाकावं लागलं. सरकारी जाळ्याच्या बाजूनं बोलणाऱ्यानं दोन गोष्टींची तयारी ठेवावी: दर निवडणुकीला तंत्रज्ञान बदलण्याची, आणि दरपत्रक चुकलं तर चांगलं जाळंही मंद चालण्याची.

नियामकाला कोण नेमतं, कोण हटवतं

मेक्सिकोत सरकारी फोन कंपनी टेलमेक्स 1990 मध्ये उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्या गटाकडे गेली. 2013 मध्ये देशानं थेट राज्यघटनाच दुरुस्त केली: घटनात्मक दर्जाचा स्वायत्त नियामक आयएफटी, आणि निम्म्याहून जास्त बाजार ताब्यात असलेल्या गटावर वेगळे, कडक नियम. 2014 मध्ये स्लिम यांची अमेरिका मोव्हिल त्यात आली. देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलचा वेगळा आकार 2015 पासून गेला, एटीअँडटी बाजारात आली, दर उतरले. तरी मोबाइलमधला सर्वात मोठा वाटा स्लिम यांच्याकडेच राहिला आणि प्रतिस्पर्धी टेलिफोनिकानं 2019 मध्ये आपलं स्पेक्ट्रम सोडून एटीअँडटीच्या जाळ्यावर जायचं ठरवलं. स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क चढं असेल तर लहान कंपनी आधी गळते. 2024 च्या घटनादुरुस्तीनं आयएफटी बरखास्त करायचं ठरलं. ज्या हत्यारानं तिला जन्म दिला, त्याच हत्यारानं ती गेली.

भारतानं तारेचा प्रश्न जवळपास टाळला. तांब्याच्या तारा खुल्या करण्याची शिफारस ट्राय या नियामकानं 2004 मध्ये केली होती, सरकारनं ती बंधनकारक केली नाही. खरी लढाई मोबाइलमध्ये झाली, जिथे प्रत्येकाचं जाळं स्वतंत्र. कॉल दुसऱ्याच्या जाळ्यावर संपवण्याचा आकार मिनिटाला 14 पैशांवरून ऑक्टोबर 2017 मध्ये 6 पैशांवर आणि जानेवारी 2021 पासून शून्यावर आला. जिओनं 2016 मध्ये पाऊल ठेवलं तेव्हा कंपन्यांची गर्दी होती, आता तीन खाजगी आणि बीएसएनएल उरल्या. डेटा स्वस्त झाला, निवड आटली.

सरकार इथे परवाना देणारं, स्पेक्ट्रम विकणारं, बीएसएनएलचं मालक, आणि 2025 पासून व्होडाफोन आयडियातही सुमारे 49 टक्क्यांचं भागधारक आहे. ट्राय परवान्यांबाबत शिफारस करते, निर्णय मंत्रालय घेतं. अशा रचनेत तिसरी कंपनी जगवण्याचा प्रत्येक निर्णय स्पर्धेसाठी की स्वतःच्या भागभांडवलासाठी, हे बाहेरून ओळखणं कठीण.

तेव्हा अभिप्राय लिहायला बसाल तर क्रम असा ठेवा. कंपनी अजून सरकारी असेल तर विकण्याआधी जाळं वेगळं करा, नंतर ते महाग पडतं. ती आधीच विकली गेली असेल, पण अनुदान, स्पेक्ट्रम किंवा परवान्याचं नूतनीकरण देणं बाकी असेल, तर न्यूझीलंडसारखी अट त्यालाच बांधा. यातलं काही नसेल आणि नियामक खंबीर असेल, तर फ्रान्सची वाट धरा, नळ्यांसकट. नियामक कमजोर असेल तर ब्रिटनची एकाच खिडकीची अट मागा, कारण तिच्यावर पहारा ठेवायला कमी माणसं लागतात. आणि मसुद्यात 'तार' या शब्दाची व्याख्या तपासा. ती तांब्यापुरती असेल तर फायबर आल्यावर सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागेल.