टायनी डेस्क, एका कॅमेऱ्याची गाणी की आर्काइव्ह? अमेरिकन लोकसंगीत लाइव्ह ऐकायचं तर कुठे

झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्या जोडीला बेला फ्लेकचा बँजो आणि एडगर मायरचा बास ज्या अल्बममध्ये आहे, त्याला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. तो ऐकून तुम्हाला बँजोची गोडी लागली असेल आणि हे वाद्य ज्या मुलुखात वाढलं तिथलं संगीत ऐकावंसं वाटत असेल, तर स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या अल्बमांपासून सुरुवात करू नका. फोक, ब्लूग्रास (बँजो, फिडल, मँडोलिन अशा तारांच्या वाद्यांचं वेगवान संगीत), जुनं कंट्री आणि या सगळ्यांची सरमिसळ म्हणजे अमेरिकाना. हे माणसांसमोर बसून वाजवायचं संगीत आहे. लाइव्ह ऐकलं की त्याची चव कळते.

घरबसल्या ऐकायच्या जागा पुष्कळ, पण त्या एकसारख्या नाहीत. वेळ थोडा असेल तर कुठे जायचं आणि भरपूर असेल तर कुठे, एवढंच इथे बघू.

पहिलं नाव अर्थातच टायनी डेस्क. 2008 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका महोत्सवात लॉरा गिब्सन ही गायिका गात होती आणि बारमधल्या गोंगाटात तिचा आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे बॉब बॉयलन आणि स्टीफन थॉम्सन तिथे होते. त्यापेक्षा तू आमच्या ऑफिसातच येऊन गा, असं गमतीत म्हणणं झालं, आणि ती खरोखरच वॉशिंग्टनला येऊन बॉयलन यांच्या टेबलापाशी बसून गायली. तिथून ही मालिका सुरू झाली. तिची खरी ताकद तांत्रिक आहे. गायकाचा आवाज खोलीत लाउडस्पीकरवरून वाढवत नाहीत. माइक असतो तो रेकॉर्डिंगपुरता. त्यामुळे बाकीच्या वादकांना हात आवरून वाजवावं लागतं. फोकच्या माणसांना हे सवयीचंच, म्हणून ते इथे शोभून दिसतात. गीतकार-गायक जॉन प्राइन 2020 मध्ये कोविडने गेला. त्याच्या 2018 च्या टायनी डेस्कमध्ये थकलेल्या आवाजातही शब्द कसा टाकायचा हे ऐकण्यासारखं आहे. 2016 ची टायनी डेस्क स्पर्धा जिंकणारी मिनेसोटाची व्हायोलिनवादक गेलिन ली हीसुद्धा सोडू नका.

अडचण अशी की तीन-चार गाणी, पंधरा-वीस मिनिटं, की संपलं. कलाकार रंगात येतो न येतो तोच आवरतं घ्यावं लागतं. शिवाय आज त्या टेबलामागे रॅपपासून पॉपपर्यंत सगळे येतात, त्यामुळे आपल्याला हवं ते शोधून काढावं लागतं. कोण आवडतं हे ठरवायला ही जागा उत्तम. त्यापुढे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रकार म्हणजे एक कॅमेरा, एक गिटार, एक गाणं. वायोमिंगमधलं वेस्टर्न एएफ, नॅशव्हिलचं जेम्स ऑन व्हीएचएस आणि वेस्ट व्हर्जिनियाचं रेडिओ डब्ल्यूव्ही ही यूट्यूबवरची ठळक नावं. गायिका सिएरा फेरेलला लोकांनी ओळखलं ते बऱ्याच अंशी अशा व्हिडिओंमधून. पुढे 2025 मध्ये तिला चार ग्रॅमी मिळाले. ऑलिव्हर अँथनीची गोष्ट त्याहून अचाट. व्हर्जिनियातला हा माणूस झाडीत उभा राहून गायला, रेडिओ डब्ल्यूव्हीने ते टाकलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये ते गाणं बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. त्याआधी त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. नवे गळे सगळ्यात आधी सापडतात ते इथेच.

पण मला या प्रकाराबद्दल थोडी शंका आहे. समोर श्रोते नसतात. डोंगर, कुंपण, संध्याकाळचा उजेड हे इतकं देखणं असतं की सामान्य गाणंही थोर वाटायला लागतं. एकदा डोळे मिटून ऐकून बघा. जे टिकेल ते खरं.

आता तिसरं, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात मोलाचं: इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयातलं लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह. खाजगी मैफलींच्या कॅसेट आपल्याकडे रसिकांमध्ये हातोहात फिरायच्या, तोच हा मामला, फक्त उघड आणि परवानगीने. ग्रेटफुल डेड या रॉक बँडने 1984 मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना सभागृहात वेगळी जागाच देऊन टाकली होती. अशा लोकांना तिकडे टेपर म्हणतात. 2002 मध्ये या टेपर मंडळींनी आर्काइव्हच्या मदतीने हा संग्रह उभा केला. नियम साधा: ज्या कलाकाराने परवानगी दिली आहे त्याचेच कार्यक्रम ठेवायचे आणि कुणीही त्यावर पैसा करायचा नाही. ऐकणाऱ्याला सगळं फुकट.

इथे अख्खा कार्यक्रम मिळतो. वाद्य जुळवणं, गाण्यांमधल्या गप्पा, चुकलेली सुरुवात, सगळ्यासकट. तारांच्या वाद्यांनी सुरुवात करायची तर यॉन्डर माउंटन स्ट्रिंग बँड किंवा रेलरोड अर्थ घ्या. जरा खरखरीत हवं असेल तर ड्राइव्ह-बाय ट्रकर्स. एकाच बँडचे वेगवेगळ्या वर्षांतले दोन-तीन कार्यक्रम निवडा आणि सगळ्यांत असलेलं एक गाणं लागोपाठ ऐका. लय कुठे बदलली, मँडोलिनवाल्याने आज वेगळीच वाट कशी धरली, हे कळायला लागलं की आपल्याला मैफलींतून सवय असलेलाच आनंद इथेही आहे हे लक्षात येतं. टायनी डेस्कवर हे शक्यच नाही.

निवडताना नोंदीतली अक्षरं बघा. एसबीडी म्हणजे मिक्सरवरून थेट घेतलेलं: स्वच्छ, पण कधीकधी कोरडं. एयूडी म्हणजे श्रोत्यांत माइक लावून घेतलेलं: सभागृहाचा श्वास येतो, शेजाऱ्याची बडबडही येते. मॅट्रिक्स म्हणजे दोन्हींचं मिश्रण; मिळालं तर आधी तेच घ्या. फ्लॅक या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात दोन तासांचा कार्यक्रम 700 एमबीच्या आसपास जातो, तेव्हा मोबाइल डेटावर ऐकणार असाल तर एमपी 3 पुरे. ग्रेटफुल डेडची एसबीडी रेकॉर्डिंग फक्त तिथेच ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. 2005 मध्ये त्यावरून चाहत्यांनी बराच गदारोळ केला होता.

उणिवा? व्हिडिओ नाही. आवडता कलाकार तिथे असेलच असं नाही, कारण परवानगी न देणारे पुष्कळ. आणि पसारा एवढा की नवखा माणूस दारातच गांगरतो. म्हणून नाव आधी दुसरीकडे ठरवून मगच इथे या.

रेडिओ-टीव्हीचं थोडक्यात. ग्रँड ओल ऑप्री हा नॅशव्हिलचा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम 1925 पासून चालू आहे. नॅशव्हिलला शनिवारी संध्याकाळी 7 वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट, 5.30, आणि त्यांच्या हिवाळ्यात 6.30. लवकर उठणाऱ्यांची चांगली सोय. वेस्ट व्हर्जिनियाचं माउंटन स्टेज, हाही रेडिओ कार्यक्रम, 1983 पासूनचं. त्यात एका कार्यक्रमात अनेक कलाकार येतात आणि शेवटी सगळे मिळून एक गाणं म्हणतात. त्याचं पॉडकास्ट मिळतं, प्रवासात लावायला झकास. टीव्हीवरचं 'ऑस्टिन सिटी लिमिट्स' दर्जेदार आहे, पण पूर्ण भाग भारतातून दिसतीलच असं नाही.

पैसे मोजायची तयारी असेल तर नग्ज ही लाइव्ह कार्यक्रम ऐकवणारी सेवा आहे. ब्लूग्रास गिटारवादक बिली स्ट्रिंग्जसारख्यांचे कार्यक्रम चांगल्या आवाजात मिळतात. एखाद्या कलाकाराचं वेडच लागलं असेल तरच घ्या. नाहीतर तेच पैसे बँडकॅम्प या, कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर एखाद्या छोट्या गायकाचा लाइव्ह अल्बम घेण्यात घाला, त्यातला बराचसा वाटा त्याच्यापर्यंत जातो.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी या सगळ्याआधी आपल्या गावातला एखादा छोटा कार्यक्रम गाठावा. स्वतः रेकॉर्ड करून इतरांना ऐकवायचं मनात असेल तर कलाकाराला आधी विचारा. यूट्यूबवर टाकू का आणि आर्काइव्हवर ठेवू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं घ्या. आर्काइव्हवर ठेवण्यासाठी त्याची परवानगी तिथे नोंदलेली असावी लागते, म्हणून ती ईमेलने लेखी मागून घ्या. नाही म्हणाला, तर बाहेर टेबलावर त्याच्या सीडी मांडलेल्या असतात, त्यातली एक घ्या.