किरणोत्सर्ग समजावताना: तुलना सांगावी की मोजू द्यावं?

अणुप्रकल्पाशेजारच्या गावात किरणोत्सर्गाविषयी बोलायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे आणि लोकांचा आधीच विश्वास नाही, तर वाटा मुख्यतः दोन. जपानमधल्या फुकुशिमात 2011 च्या अणुअपघातानंतर दोन्ही वापरून झाल्या आहेत.

पहिली तुलनेची. छातीच्या एका एक्स-रेत जेमतेम 0.1 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक), निसर्गातून वर्षाला जागतिक सरासरी 2.4. खर्च नाही, एका सभेत काम होतं. पण एक्स-रे माणूस स्वतःच्या गरजेसाठी काढतो. अपघातानंतर अंगणात येऊन पडलेलं किरणोत्सर्गी सीझियम कुणी मागितलेलं नसतं. म्हणून अशी तुलना ऐकून लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. केळ्यातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाचं उदाहरण तर देऊच नका. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं. हे माहीत असलेला एक जण सभेत उठला की तुमचे बाकीचे आकडेही गेले. फुकुशिमातल्या शाळांसाठी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरली, तेव्हा ती मुलांसाठी फार जास्त आहे म्हणून सरकारचेच सल्लागार प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी एप्रिल 2011 मध्ये पत्रकारांसमोर रडत पद सोडलं. त्यानंतर आईबापांनी कुठल्या तक्त्यावर भरवसा ठेवायचा?

दुसरी वाट मोजणीची. फुकुशिमातल्या इवाकी शहराच्या सुएत्सुगी वस्तीत लोकांनी डी-शटल नावाचं छोटं डोसिमीटर, म्हणजे अंगाला मिळणारा किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, अंगावर बाळगलं. त्यात तासातासाची नोंद होते, त्यामुळे त्या वेळी आपण शेतात होतो की घरात, हे आठवून आकड्याचा अर्थ लावता येतो. फुकुशिमा हायस्कूलच्या मुलांनी तीच यंत्रं फ्रान्स, पोलंड आणि बेलारूसमधल्या विद्यार्थ्यांनाही वापरायला लावली. सगळीकडे किरणोत्सर्गाच्या मात्रा जवळपास सारख्याच निघाल्या. इथेही तुलनाच होती, पण प्रश्न मुलांचा आणि मोजणीही त्यांचीच.

ही वाट महाग आहे. गायगर काउंटर (किरणोत्सर्ग लगेच आकड्यात दाखवणारं हातातलं यंत्र) वाटून निघून गेलात तर भीती वाढेल, कारण त्याचा आकडा सतत हलतो. तो का हलतो हे सांगायला महिनोन्महिने जवळ बसणारा माणूस लागतो. नोंदी कुणाच्या, हेही आधी लेखी ठरवा. फुकुशिमातल्याच दाते नावाच्या शहरात काही रहिवाशांची मोजमापं संमतीशिवाय अभ्यासात वापरली गेली आणि ते शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

दवाखान्यात, एक्स-रेआधी घाबरलेल्या रुग्णासाठी तुलना पुरते. गावासाठी मी मोजणीच निवडेन. जैतापूरसारख्या ठिकाणी, जिथे अणुभट्टी अजून उभी नाही, मोजणी आत्ताच सुरू करावी: पुढे शंका आली तर ताडून पाहायला आधीचा आकडा गावाच्या वहीत हवा, फक्त प्रकल्पाच्या फाइलमध्ये नको.